पुतळाबाईची मानाची जागा

भिवंडीची नारपोली मागे टाकून खाडीच्या अंगाला वळलं की आमचं गाव लागतं. गाव लागतं असं म्हणायचं, पण आधी लागतात ती गोदामं. निळ्या पत्र्यांची, लांबच लांब, एकाला एक चिकटलेली. जिथे पूर्वी भाताची खाचरं होती आणि त्यांच्या पलीकडे मिठागरं पांढरी चमकायची, तिथे आता ट्रक उलटे लागतात आणि रिकामे होतात. या गोदामांच्या मध्ये एक जुनं कौलारू घर राहून गेलं आहे. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी दोन म्हाताऱ्या बसलेल्या दिसतात. उजवीकडे बसते ती पुतळाबाई आणि डावीकडे तिची नणंद तुळजा. या जागा कधी बदलत नाहीत. ट्रकवाले त्यांना आता ओळखतात, जाताना हात करतात. पण या दोघी कोण होत्या ते त्यांना कुठून माहीत असणार?

या दोघी धवलारणी. आमच्या आगरी माणसांच्या लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी धवलारीण येते. मांडवात उंबराची फांदी रोवायची ती तिच्या गाण्यावर, तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा तो तिच्या गाण्यावर, नवरीला पहिली हळद लागते तीही तिने हाक मारून देवांना बोलावल्यानंतर. या गाण्यांना धवले म्हणतात. ती लिहिलेली नसतात. पुतळाबाईला ती सासूने दिली, सासूला तिच्या सासूने.

धवला एकटीने गाता येत नाही, हे समजून घेतलं पाहिजे. एकीने ओळ सोडायची आणि ती हवेत असतानाच दुसरीने झेलायची. ओळ खाली पडता कामा नये. पडली, तर धवला उघडा पडला म्हणतात, आणि उघड्या धवल्यावर कुणी नवरीला हळद लावत नाही. पुतळाबाई सोडायची, तुळजा झेलायची. लग्नानंतर दोन वर्षांतच कुंकू पुसून तुळजा माहेरी परत आली, तेव्हा तिला मांडवात पुढे उभी करायला गाव कचरत होतं. पुतळाबाईच्या सासूने सांगितलं होतं, तुळजा गाईल, नसेल चालत त्यांनी दुसरी धवलारीण शोधावी. दुसरी कुणाला सापडली नाही. तेव्हापासून या दोघींचा आवाज एक.

धवलारणीला आणायला लग्नघरची गाडी यायची. आधी बैलगाडी, मग टेंपो. गाडीत नवं घोंगडं अंथरलेलं असे आणि त्या एका घोंगड्यावर दोघींनी बसायचं. दोघींना सारखं लुगडं, सारखा नारळ, सारखा विडा. आणि वाटेत, दिवस मावळायच्या आत, दोघींनी सगळे धवले हलक्या आवाजात एकदा म्हणून घ्यायचे. त्याला गाणं बांधणं म्हणत. बांधलेलं गाणं मांडवात सुटत नाही असं पुतळाबाईची सासू सांगायची. मिठागरांच्या बांधावरून गाडी चाललेली, खाडीवरून खारा वारा येतोय, चाक वाजतंय, आणि दोन बायका गुडघ्याला गुडघा लावून गुणगुणतायत. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना आजही त्या बांधावरून जाताना कानात काहीतरी वाजतं. आता तिथे सिमेंटचा रस्ता आहे.

एकदा अंबाडीकडच्या बाळाराम नावाच्या पैसेवाल्या माणसाने टेंपोऐवजी जीप पाठवली होती. पुतळाबाईला पुढे बसवलं, तुळजाला मागे, भांड्यांच्या हाऱ्याशेजारी. गाडी सुटायच्या आधीच पुतळाबाई खाली उतरली आणि मागे जाऊन हाऱ्याला टेकून बसली. ड्रायव्हर अंबाडीपर्यंत रिकाम्या शिटेशेजारी बसून गाडी हाकत गेला. ही गोष्ट पुढे लग्नालग्नांत सांगितली जायची, आणि सांगणारी बहुतेक वेळा तुळजाच असायची.

पुढे दिवस पालटले. लग्नं हॉलमध्ये गेली, डीजे आला. धवलारणींना बोलावत, पण फोटोपुरतं. चार ओळी झाल्या की कुणीतरी हात करून थांबवायचं. अशा दोन-तीन लग्नांनंतर पुतळाबाईने जाणं सोडलं. मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि न जाण्याला कारणही मिळालं.

अशात तिच्या नातीचं लग्न ठरलं. नात म्हणजे उन्नती, मुलगा प्रितेश याची थोरली. ती लंडनला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. नवरा मुलगा कुणाल, पनवेलकडचा, आपल्यातलाच, तोही तिथेच. दोघांच्या रजा आणि कागदपत्रं असं सगळं जमवता जमवता लग्न तिकडेच करायचं ठरलं, वैशाखात. उन्नतीने फोनवर आजीला एकच गोष्ट सांगितली.

“आजी, तू आणि तुळजाआत्या येऊन धवले गायल्याशिवाय मी हळद लावून घेणार न्हाय.”

पुतळाबाईने फोन ठेवला. ती पोर पाळण्यात असताना तिला झोपवायला दुसरं गाणं नव्हतं म्हणून आजी धवलेच म्हणायची. ते तिच्या लक्षात राहिलं असेल असं पुतळाबाईला वाटलं नव्हतं.

प्रितेशचे ट्रक आहेत आणि दोन गोदामं भाड्याने आहेत. ट्रकांचं डिझेल, टायर, सगळा खर्च तो कार्डावर करतो. कार्डाचे पॉइंट साठतात, आणि ते विमान कंपनीला दिले की त्या बदल्यात तिकीट निघतं. त्याने सहा-सात वर्षं ते पॉइंट मोडले नव्हते. आईला खुब्यामुळे फार वेळ बसवत नाही हे त्याला माहीत होतं. म्हणून त्याने आईसाठी जातानाचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं, जिथे शीट उघडून पलंग होतो. पॉइंटांवर त्या विमानात तशी एकच जागा मिळत होती. तुळजाआत्यासाठी त्याने त्याच विमानात मागचं साधं तिकीट विकत घेतलं. दिपाली, म्हणजे त्याची बायको, तयारीसाठी आधीच गेली होती. तो स्वतः गोदामातला माल उरकून दोन दिवसांनी निघणार होता.

त्याने हे सगळं मोठ्या आनंदाने ओट्यावर बसून सांगितलं. आई, तू झोपून जायचं, राणीसारखं. पुतळाबाई हसली. तुळजा तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली.

पुतळाबाईच्या मनात काय होतं? तिने नंतर ते लपवलं नाही. तिला ती जागा हवी होती. एक तर खुबा. आणि दुसरं म्हणजे, आयुष्यभर चुलीपुढे, बांधावर, मिठाच्या ढिगाशी वाकलेलं शरीर एकदा तरी आभाळात आडवं करावं असं तिला वाटलं. यात वाईट काय? म्हणून तिने मुलाला काही म्हटलं नाही. आणि तुळजालाही नाही.

विमान दुपारचं होतं. प्रितेशने दोघींना विमानतळावर सोडलं. दोन चाकाच्या खुर्च्या आल्या, दोघींना ढकलत आत नेलं. विमानाच्या दाराशी दोघी उठून उभ्या राहिल्या. एका पोरीने पुतळाबाईला डावीकडे वळवलं, दुसऱ्या पोराने तुळजाला उजवीकडे. तुळजाच्या छातीशी तिची पिशवी होती. त्यात तांदळाचं पीठ, हळकुंडं आणि दोघींची लुगडी. ती क्षणभर थांबली.

“बाळारामाची जीप आठवते काय गं, वयनी?” एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्या मागे पडदा पडला.

पुतळाबाईची जागा म्हणजे एक छोटी खोलीच होती. बाजूला भिंत, समोर टीव्ही, पायाखाली सपाता, अंगावर घ्यायला पिसासारखी दुलई. ती पोरगी परत आली, हातात रसाचा ग्लास आणि चिमट्यात धरलेला गरम ओला टॉवेल घेऊन. पुतळाबाईने टॉवेल चेहऱ्यावर घेतला आणि सवयीने तोंडातून निघालं, “बरा हाय बग.” पोरगी चमकली. तिने वाकून विचारलं, आजी, कुठल्या तुम्ही? तिचं नाव धम्मदिना, ती अंबाडीची. तिचे वडील तिथे शाळेत मास्तर होते. पुतळाबाईने भिवंडी म्हटल्यावर तिचा सगळा चेहरा घरच्यासारखा झाला. मग तिने स्वतः बटण दाबून दाखवलं. शीट हळूहळू पसरत गेली, पाय वर आले, पाठ खाली गेली, आणि पुतळाबाई आडवी झाली.

खुब्यातली कळ, जी ऑपरेशनपासून तिच्याबरोबर उठत-बसत होती, ती त्या पलंगावर पहिल्यांदा गप्प झाली. विमान समुद्रावरून वळलं तेव्हा खिडकीतून खाली एक खाडी दिसली. आपलीच असावी असं तिला वाटलं. तिच्या काठाला निळे पत्रे चमकत होते. त्या पत्र्यांच्या जागी तिला मिठाचे ढीग दिसायला लागले, ओळीने, शंकूसारखे, त्यांच्यावर गवताचं शाकारण. बांधावरून गाडी येताना दिसली. घोंगड्यावर तुळजा बसलेली दिसली, तरुण, नुकतीच परत आलेली, तोंड पदरात. पहिल्या लग्नाला निघताना ती रडत होती आणि पुतळाबाईने तिच्या गुडघ्याला गुडघा लावून पहिली ओळ सोडली होती. तुळजाने झेलली नव्हती. तीन वेळा सोडली. तिसऱ्यांदा झेलली.

पुतळाबाईला झोप लागली. चांगली, गाढ.

जाग आली तेव्हा तिने आधी खिडकी बघितली. झोपताना सूर्य जिथे होता, जवळजवळ तिथेच होता. तिला काही कळेना. बरंच झोपले की नाही झोपले? तिने धम्मदिनाला बोलावून विचारलं, दिवस किती राहिला? धम्मदिना म्हणाली, आजी, आपण सूर्याच्या मागोमाग चाललोय. तो पश्चिमेला जातोय, आपणही पश्चिमेलाच. निम्मी वाट झाली, पण लंडनला उतरू तेव्हाही उजेडच असेल.

पुतळाबाई उठून बसली. गाणं बांधायचं राहिलं होतं. आज घरून निघाल्यापासून दोघींनी एक ओळ म्हटली नव्हती. सूर्य जणू त्यांच्यासाठीच अडून बसला होता, आणि ती मात्र दुलई घेऊन झोपली होती. तिला तुळजाचा चेहरा आठवला. रागवली असती तर बरं झालं असतं. ती रागवली नव्हती. ती मागे बसली होती, आणि मागे बसलेल्या माणसाने ओळ झेलायची की नाही हे त्याच्यावर असतं. परवा मांडवात तुळजा उभी राहील, तोंडही हलवील. पण आतून आवाज आला नाही तर? मग धवला उघडा पडेल, आणि तो उन्नतीच्या अंगावर पडेल.

तिने धम्मदिनाला सांगितलं, माझ्या नणंदेला इकडे आण, आम्ही दोघी या पलंगावर बसू. पलंग मोठा हाय. धम्मदिनाला वाईट वाटलं, पण ते जमण्यासारखं नव्हतं. एका जागेवर दोघींना बसवता येत नाही, तसा नियम आहे. पुतळाबाई म्हणाली, मग मना तिकडं ने.

पडद्यामागे माणसंच माणसं होती. मधल्या एका रांगेत तुळजा ताठ बसली होती, पिशवी मांडीवर, समोरचं जेवण झाकलेलंच. तिच्या शेजारी कडेच्या शिटेवर एक उंचापुरा सरदारजी होता. इंग्लंडात ट्रक चालवायचा, गावाला बापाचं कार्य करून परत चालला होता. त्याचे गुडघे समोरच्या शिटेत रुतले होते आणि तो डोळे मिटून कण्हत होता. पुतळाबाईने त्याच्या खांद्याला हात लावला. ती भिवंडीचं हिंदी बोलली, जे लूमवाल्यांच्या शेजारात राहून आमच्या सगळ्यांना येतं.

“भाई, तुम उधर जाके सो जाव. मेरा पलंग है.”

सरदारजी गडबडून उभा राहिला. नहीं माताजी, आप सोइए, आपकी उमर है.

“सोया मैं. अब तुम सो. मेरेको इधर काम है.”

धम्मदिना विमानातल्या आपल्या वरच्या बाईंना विचारायला गेली. त्या आल्या, दोघींकडे पाहिलं, सरदारजीच्या पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, आजी खुशीने देत असतील तर देऊ दे, पण एकदा बदलल्यावर परत बदलता येणार नाही, हे त्यांना नीट सांग. धम्मदिनाने मराठीत सांगितलं, आणि वर हळूच म्हणाली, आजी, तुमचा पाय आहे हो. अजून बरीच वाट आहे.

पुतळाबाईने मान हलवली. सरदारजीने तिच्या पायाला हात लावला आणि पडद्याआड गेला. ती त्याच्या जागेवर बसली. शीट अरुंद होती, ताठ होती. बसल्याबरोबर खुब्यातली कळ परत आली, जुन्या भाडेकरूसारखी.

तुळजा समोर बघत होती.

“झोप झाली?”

“झाली.”

“पलंग कसा हाय?”

“बरा हाय. तू असतीस तर दोघी मावलो असतो.”

पुतळाबाईने गुडघा तिच्या गुडघ्याला लावला आणि पहिला धवला सोडला, देवांना बोलावण्याचा, फार हळू, ओठातल्या ओठात. ओळ संपत आली. विमानाची घरघर तेवढी ऐकू आली. ओळ पडली.

तिने परत सोडली. परत पडली. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मागे वळून पाहिलं आणि परत तोंड फिरवलं.

पुतळाबाईचा आवाज आता कापायला लागला होता. गाण्याने नाही, पायाने. तिसऱ्यांदा ती ओळ घेणार तेवढ्यात तुळजाने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“आधी पाय दे इकडं,” ती म्हणाली. “मोडका पाय घेऊन आली, वर धवला बोलते.”

तिने वाकून वहिनीचा दुखरा पाय उचलला, आडवा करून आपल्या मांडीवर घेतला आणि शाल पांघरली. मग त्या पायावर हात ठेवून म्हणाली, सोड आता. पुतळाबाईने ओळ सोडली आणि ती अजून अर्धी हवेत होती तेव्हाच तुळजाने झेलली.

पुढे किती वेळ त्या म्हणत होत्या ते धम्मदिनालाही सांगता आलं नाही. उंबराचा धवला झाला, चौकाचा झाला, तेलाचा झाला, हळदीचा झाला. मध्ये एका ठिकाणी पुतळाबाई अडकली, तिथे तुळजाने मागून ओळ पुढे सारली. मध्ये एकदा दोघी हसल्या, कारण बाळारामाच्या मांडवात नवरदेवाच्या मामाने याच ओळीला शिंकून सगळा चौक उडवला होता. सूर्य खिडकीत तसाच होता. लांबच्या लांब पसरलेले ढग खाली, मिठागरासारखे पांढरे. धम्मदिना जाता-येता त्यांच्याजवळ थांबत होती. तिने तुळजाचं जेवण परत गरम करून आणलं आणि ते दोघींनी एका ताटात खाल्लं. शेवटचा धवला संपला तेव्हा विमान खाली यायला लागलं होतं आणि लंडनवर उजेड होता.

विमानातून उतरताना पुतळाबाईला पाऊल टाकता येत नव्हतं. सरदारजी दाराशी वाट बघत थांबला होता. त्याने तिला जवळजवळ उचलूनच खुर्चीत ठेवलं.

दोन दिवसांनी हळद. उन्नतीच्या घरामागच्या अंगणात मांडव घातला होता. उंबर काही मिळाला नाही. शेजारच्या गोऱ्या बाईच्या दारात अंजिराचं झाड होतं, तिने फांदी दिली. तुळजाने पान मोडून चीक पाहिला, बोटाला लावला आणि म्हणाली, उंबराची बहीणच हाय, चालंल. भिवंडीहून आणलेल्या पिठाचा चौक भरला गेला. त्याच सकाळी येऊन पोचलेला प्रितेश आईला लंगडताना बघून काळजीत पडला होता. इतक्या चांगल्या शिटेवरून येऊनही पाय कसा दुखावला, हे त्याला समजत नव्हतं. पुतळाबाई म्हणाली, शीट चांगली होती रे, झोप लागली. खोटं बोलली नाही.

मग दोघी उभ्या राहिल्या. पुतळाबाई उजवीकडे, तुळजा डावीकडे, खांद्याला खांदा, कारण एका पायावर पुतळाबाईला तोल धरवत नव्हता. उन्नती पाटावर बसली होती, डोळे खाली. पुतळाबाईने ओळ सोडली. त्या परक्या अंगणात, त्या थंड उन्हात, तुळजाने ती इतकी वरच्यावर झेलली की सोडणारी कोण आणि झेलणारी कोण हे कुणाला कळलं नाही. कुंपणापलीकडची बाई पदार्थ ढवळायचा चमचा हातात धरून खिडकीत उभी राहिली. कुणी हात करून थांबवलं नाही. सगळे धवले झाले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मगच उन्नतीला हळद लागली. तेव्हा तिने वर पाहिलं. तिच्या ओठांवर शेवटची ओळ होती. ती आजीच्या मागून, तुळजाच्याही मागून, तिसऱ्या आवाजात म्हणत होती.

परत येताना दोघींची तिकिटं मागची होती, शेजारशेजारची. मधूनमधून उभं राहत, एकमेकींच्या मांडीवर पाय ठेवून त्या आल्या.

आता गावातली पोरं-पोरी ओट्यावर येतात तेव्हा पुतळाबाईला त्या पलंगाचंच विचारतात. ती सांगते. दुलई कशी होती, टॉवेल कसा गरम होता, बटण दाबल्यावर पाठ कशी खाली गेली. तुळजा ऐकत असते. गोष्ट सरदारजीपर्यंत आली की पुतळाबाई थांबते आणि पुढचं तुळजा सांगते. बाळारामाची जीप ती आता सांगत नाही.

प्रितेशचे ट्रक चालू आहेत, पॉइंट परत साठतायत. मागच्या महिन्यात तो ओट्यावर आला. उन्नतीला दिवस गेले आहेत आणि बारशाला आजी हवी आहे. त्याने विचारलं, आई, परत तसलीच एक जागा बघू काय? पुतळाबाई समोर बघत होती, जिथे निळ्या पत्र्यांच्या फटीतून खाडीचा एक तुकडा अजून दिसतो.

“एक नको काढू,” ती म्हणाली. “दोन निघतील तवाच काढ. न्हायतर मागच्या दोन घे.”

तुळजाने हातातला तांदूळ सुपात टाकला आणि गुडघा थोडा उजवीकडे सरकवला.